साग विरळला, झाडं दुष्काळातून तगली. पण एका कोपऱ्यात उलटंच झालं

पळसपान | १८ मार्च

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. घरची तीन एकर उताराची मुरमाड जमीन आहे. कापूस तिथे कधी धड आला नाही म्हणून बाबांनी २००१ साली साग लावला, दोन बाय दोन मीटरवर. तेव्हा जो तो तेच अंतर सांगायचा.

२०१२ पर्यंत शेंडे एकमेकांत घुसले. आत शिरलं की भर दुपारी संध्याकाळ वाटायची. बाबांनी विरळणी करायचं ठरवलं. स्वतःच्या जमिनीतला असला तरी साग अनुसूचित वृक्ष, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. कागद फिरता फिरता निम्म्याच तुकड्याची मोजणी वेळेत झाली. त्या निम्म्यात एकाआड एक झाड काढलं. उरलेला तुकडा तसाच दाट राहिला, तो आजतागायत.

मग २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ गेले. पुढे २०१८ गेलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आमचाही होता.

दाट तुकड्यात शेंडे वाळले. वरचा हात-दोन हात भाग काटकीसारखा, आणि खाली खोडावर पाणफुटवे. काही झाडं उभ्या उभ्या गेली. विरळलेल्या तुकड्यात पानं लवकर गळाली, वाढ थांबली, पण झाडं जगली. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं.

माझा प्रश्न पुढचा आहे. विरळलेल्या तुकड्याच्या दक्षिण-पश्चिमेला पंधरा-सोळा गुंठ्यांचा एक कोपरा आहे. तीच विरळणी, तेच मजूर, तोच महिना. तिथे दाट तुकड्यापेक्षाही जास्त झाडं मेली. जमीन उघडी पडलीय, मुरूम वर आलाय, पावसात पाणी थांबत नाही. बाबा गेल्या वर्षी वारले. शेवटपर्यंत ते म्हणत, त्या कोपऱ्यात आपलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मला समजून घ्यायचंय, कारण आता दाट तुकड्याची विरळणी मला करायची आहे.

---

रानमामा | १८ मार्च

भाऊ, बाबांचं ऐकून वाईट वाटलं. मी चंद्रपूरकडच्या जंगलात पस्तीस वर्षं काढली, वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून उतरलो. सागाच्या रोपवनांत तोडायच्या झाडांवर खुणा मारून मारून हातोडा झिजला म्हणा ना.

आधी हिशेब सांगतो. दोन बाय दोन मीटरवर एका झाडाच्या वाट्याला चार चौरस मीटर जमीन. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ९०० मिलिमीटरच्या वर्षात झाडाच्या नावावर ३,६०० लिटर आकाशातून पडतं. ५०० मिलिमीटरच्या वर्षात २,०००. त्यातलं काही पानांवरच सुकतं, काही वाहून जातं, काही गवत पितं. जे मुरलं त्यावर झाडानं पुढचे आठ महिने काढायचे. एकाआड एक झाड काढलं की वाटा दुप्पट, म्हणून शेंडे जगले. सागाला शेजाऱ्याची सावली सोसत नाही, आणि जमिनीखाली शेजाऱ्याची मुळंही सोसत नाहीत.

आता मला सांगा:
– तोडल्यावर फांद्या, पाला कुठं गेला? दोन्हीकडं सारखाच राहिला का?
– ठुटांना, म्हणजे तोडून उरलेल्या बुंध्यांना, फुटवे आले होते का, आणि ते कोणी काढले का?
– वणवा कधी लागला?
– गुरं कुठून जातात?

---

पळसपान | १९ मार्च

मामा, तुमचे प्रश्न वाचून रात्रभर आठवत बसलो. आईला विचारलं.

विरळलेल्या तुकड्याच्या वरच्या भागात फांद्या जागच्या जागी पडून राहिल्या होत्या. बाबांना त्या उचलायला मजूर परवडला नाही. कोपरा गाडीवाटेला लागून आहे. तिथून बल्ल्या ओढून बाहेर काढल्या, ट्रॅक्टर तिथेच फिरला. गावातल्या बायकांनी जळतण म्हणून तिथला सगळा फाटा नेला, आणि राहिलेला पालापाचोळा बाबांनी ढीग करून जाळला, 'जागा साफ दिसावी' म्हणून. २०१३ च्या एप्रिलमध्ये वाटेवरून वणवाही शिरला होता, तो कोपऱ्यातच विझवला. गुरं तिथूनच नाल्यावर जातात.

फुटव्यांचं आईला आठवत नाही. पण कोपऱ्यात प्रत्येक ठुटाभोवती चार-पाच बोटाएवढ्या वाळलेल्या काठ्या आजही आहेत.

---

मोहफूल | १९ मार्च

पळसपान, तुमच्या याच प्रतिसादात बरंचसं उत्तर आहे. मी मातीवर काम करते, मेळघाटात काही वर्षं होते.

विरळणीनं झाडामागे पाण्याचा वाटा वाढतो, मामा म्हणाले ते खरं. पण त्यासाठी आकाशातलं पाणी आधी जमिनीत शिरायला हवं. तुमच्या कोपऱ्यात दारच बंद झालं.

सागाचं पान ताटाएवढं. पाऊस त्यावर साठतो आणि टोकावरून मोठा थेंब होऊन खाली पडतो. आभाळातून येणाऱ्या थेंबापेक्षा हा थेंब पुष्कळदा मोठा असतो, आणि दहा-बारा मीटरवरून पडला की जोरही चांगलाच घेतो. खाली पाचोळ्याची गादी असेल तर थेंब तिथे फुटतो आणि पाणी हळूहळू झिरपतं. गादी नसेल तर थेंब सरळ मातीवर आपटतो, बारीक कण उडतात, ते मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात, वर पापुद्रा धरतो. पुढचं पाणी त्या पापुद्र्यावरून वाहतं आणि जाताना माती घेऊन जातं. सागाच्या रोपवनाखाली धूप होते असं जे म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा जळालेला किंवा झाडून नेलेला पाचोळा असतो. साग बिचारा नाहक बदनाम होतो.

त्यात ट्रॅक्टरचं दडपण, गुरांचे खूर आणि ढीग जाळल्याची आग. ढिगाखालची माती विटेसारखी भाजते. वरच्या दोन-चार बोटांतला सेंद्रिय कर्ब जातो, जीव मरतो.

एक सोपी चाचणी करून पाहा. पत्र्याचा मोठा डबा घ्या, दोन्ही तोंडं कापा, चार बोटं मातीत ठोका, वर एक लिटर पाणी ओता आणि किती वेळात जिरतं ते बघा. तिन्ही जागी करा: दाट, विरळ आणि कोपरा. प्रत्येक ठिकाणी तीन-तीनदा, कारण माती हातभर अंतरावर बदलते.

---

देवराई | २० मार्च

चर्चा चांगली चाललीय, पण मला एक भीती मांडायचीच आहे. 'विरळणीनं जंगल दुष्काळात तगतं' हे वाक्य चुकीच्या हातात गेलं की तोडीचा परवाना होतो. आमच्याकडे सह्याद्रीत डोंगर उतारावरच्या खासगी रानात 'साफसफाई' म्हणत किंजळ, जांभूळ, ऐन सगळं एका उन्हाळ्यात उतरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या पावसात तो उतार ओहोळात आला. नैसर्गिक जंगल स्वतःची विरळणी स्वतः करतं. त्याला आपला हात कशाला?

---

रानमामा | २० मार्च

देवराई, तुमची भीती रास्त आहे आणि मी तिच्या बाजूनं आहे. विरळणी हा रोपवनाचा इलाज आहे. एका दिवशी, एका जातीची, एका अंतरावर माणसानं लावलेली झाडं आहेत, ती माणसानंच सोडवली पाहिजेत. मिश्र जंगलात मोह वेगळ्या खोलीवरून पाणी घेतो, सलई खडकात तग धरते, ऐन तर खोडात पाणी साठवतो. कोणी आधी पान गाळतो, कोणी नंतर. तिथं ओळीनं मार्किंग करणं पाप आहे.

आणि रोपवनातही विरळणी म्हणजे जाडजूड झाडं उचलणं नव्हे. दबलेलं, वाकडं, दुभंगलेलं, पोखरलेलं आधी जातं. चांगली झाडं नेऊन मरतुकडी ठेवली तर तिला विरळणी म्हणू नये. अशा 'विरळण्या' मी पाहिल्यात, त्याबद्दल बोलून बोलून कडू झालो.

---

फ्रेस्नोकर | २१ मार्च

मी मूळचा अकोल्याचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असतो. सिएरा नेवाडाचे डोंगर इथून तासाभरावर. हा धागा वाचून लिहायला बसलोच.

२०१२ ते २०१६ इथे दुष्काळ होता. २०१६ च्या उन्हाळ्यात शेव्हर लेककडे गाडी घेऊन चढत होतो. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, 'बाबा, इथे पानगळ आली का?' इथल्या सूचिपर्णी झाडांना पानगळ नसते. डोंगरच्या डोंगर तांबडे झाले होते, मेलेल्या पाइनचे. वनखात्याच्या विमान पाहणीतला अंदाज पुढे १२.९ कोटी झाडांवर गेला. सगळ्यात मोठा घाव दक्षिण सिएरात, कमी उंचीवरच्या पाँडेरोसा पाइनवर.

झाडं नुसती तहानेनं मेली नाहीत. पाइनची साल पोखरणारा तांदळाच्या दाण्याएवढा भुंगा असतो. धडधाकट झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. पाणी तुटलं की राळेचा दाब उतरतो, भुंगा आत जातो आणि गंध सोडून बाकीच्यांना बोलावतो.

दाटी आली कुठून? इथले मोनो, मिवोक असे मूळ रहिवासी शेकडो वर्षं हलक्या आगी लावून खालचं झुडूप मोकळं ठेवत. विसाव्या शतकात सरकारी धोरणानं प्रत्येक आग विझवली. जिथे मोजकी मोठी झाडं होती तिथे शेकडो बारकी उभी राहिली, सगळ्यांची मुळं त्याच पाण्यात. म्हणजे हे नैसर्गिक जंगल, तरीही माणसानंच दाट केलेलं. देवराई, तुमच्या प्रश्नाला इथलं उत्तर थोडं वेगळं पडतं ते यामुळे.

आणखी एक गोष्ट पळसपानच्या मुरमाशी जुळते. इथे मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे, पण खाली कुजलेला ग्रॅनाइट कित्येक मीटर खोल. झाडं त्यातलं पाणी ओढतात. एक कोरडं वर्ष त्या साठ्यावर निघतं. दुसरं, तिसरं वर्ष आलं की साठा संपतो आणि मग एकदम मर लागते. तुमच्याकडेही २०१४ नंतर लगेच २०१५ आलं, तिथेच घोळ झाला असणार.

---

नवा_रोपवाला | २१ मार्च

मी सहा वर्षांपूर्वी साग लावलाय, सहा बाय सहा फुटांवर. अजून झाडं मनगटाएवढी आहेत. आत्ता विरळू का? यंदा आमच्याकडे पाऊस फारच कमी झालाय.

---

रानमामा | २१ मार्च

शेंडे एकमेकांना भिडले असतील तर वेळ आली. पण दुष्काळ ऐन भरात असताना, मार्च-एप्रिलमध्ये एकदम उघडं पाडू नका. सावलीत वाढलेल्या खोडाची साल उन्हानं भाजते. पुढच्या हिवाळ्यात, पानगळ सुरू झाल्यावर करा. एका दमात निम्मी नको, दोन खेपांत करा. आधी परवानगी, मग कुऱ्हाड.

---

मोहफूल | २२ मार्च

फ्रेस्नोकर, मुलीचा प्रश्न काळजाला लागला.

कोपऱ्यातल्या वाळलेल्या काठ्यांबद्दल राहिलं होतं. साग तोडला तरी मूळ मरत नाही. ठूठ फुटवे टाकतं, आणि जुन्या झाडाच्या पूर्ण वाढलेल्या मुळांवर ते फुटवे पोसले जातात. म्हणजे वर झाड कमी दिसतं, खाली पाणी पिणारी तोंडं तेवढीच. कोपऱ्यात ऊन भरपूर, त्यामुळे फुटवे जोमानं आले असणार. वरच्या भागात फांद्यांच्या सावलीत कमी आले असतील, किंवा बाबांनी काढले असतील. शिवाय ऊन पडलं की रायमुनिया (घाणेरी) आणि गवतही येतं, तेही वाटेकरी.

विरळणीचा फायदा कायमचा नसतो हेही लक्षात ठेवा. उरलेल्या झाडांचा घेर वाढतो, पानं वाढतात, काही वर्षांत मुळं रिकामी जागा भरतात. भरपूर पानांचं मोठं झाड पुढच्या दुष्काळात जास्त पाणी मागतं. म्हणून एकदा करून दहा-बारा वर्षं विसरून चालत नाही.

आणि दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसाचं सांगते. माती महिनोन्महिने कोरडी राहिली की त्यातले सूक्ष्मजीव मरतात, निपचित पडतात. पहिलं पाणी लागताच उरलेले झडप घालतात, आणि एका-दोन दिवसांत मातीतून कर्बवायूचा लोट निघतो, नत्रही मोकळं होतं. जिवंत केशमुळं तयार असतील तर ते नत्र झाडाला मिळतं. दुष्काळानं केशमुळं मेलेली असतील, जमीन उघडी असेल, तर तेच नत्र पहिल्या लोंढ्याबरोबर नाल्यात जातं. कोपऱ्यातली माती दर दुष्काळात अशी थोडी थोडी गरीब होत गेली असेल.

---

पळसपान | ३० मार्च

डबा घेऊन गेलो होतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा कापला.

विरळ तुकड्यात पाणी चार-पाच मिनिटांत जिरलं. दाट तुकड्यात साधारण आठ. कोपऱ्यात अर्धा तास उभा होतो. पाणी डब्यात तसंच, वर मुंग्या पोहायला लागल्या. शेवटी उचलून ओतून दिलं. तिन्ही वेळा तेच.

मग तिन्ही जागी गुडघाभर खड्डे घेतले. विरळ तुकड्यात वर चार बोटं काळसर माती, त्यात जुन्या फांद्यांचा भुगा, पांढरे धागे आणि एक गांडूळ, मार्चअखेरीला! ते हातात घेऊन मी आईला दाखवायला घरी आलो. माती मुठीत दाबली तर गोळा धरला. कोपऱ्यात टिकाव वाजत होता. वर बोटभर करडी धूळ, खाली थेट मुरूम.

मोहफूलताई, ते पांढरे धागे म्हणजे मुळांना पाणी देणारी बुरशी का?

---

मोहफूल | ३० मार्च

ते धागे लाकूड-पाला कुजवणाऱ्या बुरशीचे. सागाच्या मुळांत राहून त्याला स्फुरद आणि पाणी पोचवणारी बुरशी वेगळी, ती अशी डोळ्यांनी दिसत नाही. पण पहिली जिथे सुखात आहे तिथे दुसरीही बहुधा बरी असते. गांडूळ परत ठेवलंत ना?

---

पळसपान | ३० मार्च

ठेवलं. वर ओला पाला घातला.

---

रानमामा | १ एप्रिल

भाऊ, आता एक काम करा. कोपऱ्यातलं मेलेलं एखादं झाड आणि विरळ तुकड्यातलं एखादं पडलेलं, दोन्हींची चकती कापा. रंधा मारा, पॉलिश पेपरनं घासा, ओल्या फडक्यानं पुसा. सागाला वर्षाचं कडं स्पष्ट दिसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ सागाच्या कड्यांवरून जुने पावसाळे वाचतात. आपण निदान विरळणीच्या आगेमागचे आपले वाचू.

---

पळसपान | १४ एप्रिल

मामा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर चुकीचं समजत राहिलो असतो.

विरळ तुकड्यातलं झाड गेल्या जूनच्या वादळात पडलेलं होतं, त्याची चकती घेतली. बाहेरून आत मोजत गेलो. २०१२ च्या आधीची पाच-सहा कडी दाटीमुळे बारीक. २०१३ चं कडं अंगठ्याच्या नखाएवढं रुंद. त्या वर्षी आमच्याकडे पाऊसही दणकून होता. २०१४ बारीक, २०१५ त्याहून बारीक. २०१६ ला पुन्हा रुंद. २०१८ बारीक, २०१९ ला पुन्हा उघडलेलं.

कोपऱ्यातलं झाड वाळलेलं उभं होतं, २०१९ नंतर त्याला पालवी आली नाही. त्याच्याही चकतीत २०१३ चं कडं रुंद आहे. तेवढंच रुंद! म्हणजे पहिल्या वर्षी विरळणी त्यालाही मानवली होती. मग २०१४, २०१५. ती दोन कडी इतकी जवळ की भिंग लावावं लागलं. आणि २०१६ ला पाऊस बरा असून ते उघडलंच नाही. तिथून पुढे सगळी कडी केसासारखी, शेवटपर्यंत.

दाट तुकड्यातल्या झाडात २०१३ सुद्धा बारीकच.

चकती आईच्या मांडीवर ठेवली आणि २०१३ चं कडं दाखवलं. म्हटलं, बाबांनी झाडं तोडली ते बरोबरच होतं. नंतर जमीन उघडी पडली, तिथे चुकलं. ती बराच वेळ त्या कड्यावरून बोट फिरवत होती.

---

देवराई | १४ एप्रिल

पळसपान, हे वाचून थांबलो. मी विरळणीला सरसकट नावं ठेवत होतो. माझ्या डोळ्यांसमोरचा तो उतारही बहुधा तोडीइतकाच नंतरच्या जाळण्यानं आणि ओढण्यानं गेला. तरी मिश्र रानाला हात नको, या मतावर मी ठाम आहे.

---

फ्रेस्नोकर | १५ एप्रिल

इथेही तेच पाहिलं. २०२० साली क्रीक फायर नावाची आग शेव्हर लेकवर आली, जवळपास ३ लाख ८० हजार एकर जाळून गेली. दुष्काळात मेलेली झाडं इंधन झाली. तलावाभोवती एका वीज कंपनीचं जंगल आहे, तिथे काही दशकं विरळणी आणि तिच्याबरोबर ठरवून लावलेल्या थंड आगी, दोन्ही चालू होतं. तिथे आग जमिनीवर उतरली, झाडं वाचली. पण इथे पडलेल्या फांद्या म्हणजे वणव्याचं खाद्य. तुमच्याकडेही फांद्या ठेवताना वणव्याचा विचार करा, नुसत्या ढीग मारून ठेवू नका.

---

रानमामा | १५ एप्रिल

बरोबर. फांद्या हात-हात लांबीच्या तोडून उताराला आडव्या, जमिनीला चिकटवून टाकायच्या. जमिनीला टेकलेलं लाकूड एका पावसात कुजायला लागतं, अधांतरी राहिलेलं वाळतं आणि पेटतं. खोडापासून दोन हात लांब ठेवा. वाटेच्या कडेनं वणवा अडवायला तीन मीटरची जाळरेषा फेब्रुवारीच्या आत साफ. बल्ल्या जमीन कोरडी असताना काढा, बैलानं काढता आल्या तर उत्तम, आणि वाट एकच ठरवा.

बायकांना जळतण लागणारच, त्यांना नाही म्हणू नका. मनगटापेक्षा जाड फाटा त्यांचा, काटक्या आणि पाला जमिनीचा. आधी बसून बोललात तर ऐकतात, मी हे कित्येक गावांत केलंय.

---

पळसपान | ५ जुलै

मंडळी, उशिरा लिहितोय.

दाट तुकड्याचा अर्ज दिलाय. मोजणी झाली की येत्या हिवाळ्यात तिथली पहिली खेप. सगळी निम्मी काढणार नाही. वरच्या बाजूची एक पट्टी तशीच ठेवणार आहे, पुढे ताडून पाहता यावं म्हणून.

कोपऱ्यात मे महिन्यात उताराला आडवे उथळ चर घेतले, मेलेल्या सागाच्या फांद्या तोडून पसरल्या. गुरांची वाट बांधानं वळवली. गावातल्या पाच-सहा जणी येऊन बसल्या होत्या, मामांचं मनगटाचं माप त्यांना पटलं. मोकळ्या जागी साग नाही लावला. मोह, ऐन आणि चारोळीची रोपं आणली, शंभराला दोन कमी.

२१ जूनला पहिला मोठा पाऊस झाला. छत्री घेऊन कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. चरांत पाणी तुंबलं होतं, गढूळ, पण खाली नाल्याकडे जाणारा ओघळ पूर्वीच्या मानानं बारीक होता. एका पानाच्या टोकावरून थेंब सुटताना पाहिला. तो काटक्यांवर पडला आणि तिथेच फुटला.

दुसऱ्या दिवशी डबा ठोकला. पाणी अजूनही तसंच राहतं, वीस-बावीस मिनिटं. डबा तिथेच पालथा घालून ठेवलाय, पावसाळा सरला की पुन्हा ठोकेन.